आडनाव काय, गाव कुठलं?

अनोळखी पाहुणा दारात आला की आपले दोन प्रश्न ठरलेले: आडनाव काय, गाव कुठलं? अवकाशातून प्रचंड ऊर्जा घेऊन येणाऱ्या न्यूट्रिनोलाही, म्हणजे विद्युतभार नसलेल्या एका अतिसूक्ष्म कणालाही, आपण तेच विचारतो. आडनावं तीनच: इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ. शास्त्रज्ञ त्यांना फ्लेवर म्हणतात. त्याचा चवीशी काही संबंध नाही.

पाहुणा अबोल. बहुतेक जण काही न बोलता आरपार निघून जातात. त्यांच्यासाठी दक्षिण ध्रुवावर आइसक्यूब हे न्यूट्रिनो टिपणारं यंत्र उभारलं, २०१० च्या डिसेंबरात पूर्ण झालं. गरम पाण्याने बर्फात ८६ भोकं पाडली आणि दीड ते अडीच किलोमीटर खोलीवर ५,१६० प्रकाशसंवेदक सोडले. एखादा न्यूट्रिनो तिथे अणुकेंद्रावर आदळला, की उडालेले विद्युतभारित कण बर्फातल्या प्रकाशापेक्षा वेगाने पळतात आणि निळसर उजेड पडतो. त्या उजेडाचा आकार बघायचा.

म्युऑन लांबलचक सरळ रेघ ओढतो, त्यामुळे दिशा एका अंशाच्या आत कळते. इलेक्ट्रॉनचा उजेड जागच्या जागी गोळा होतो, दिशा धूसर. टाऊ न्यूट्रिनोच्या धडकेतून निघालेला टाऊ कण दोन गोळे करतो: एक जन्मताना, दुसरा विरताना. पण एक पेटाइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एक मोठं एकक) ऊर्जेलाही त्या दोघांत जेमतेम पन्नास मीटर. दोन उजेड एकमेकांत मिसळतात. म्हणूनच साडेनऊ वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी चाळून २०२४ साली सात उमेदवार हाती लागले.

सातच! पण मला सगळ्यांत मोलाचे वाटतात ते हेच. कारण आपल्या वातावरणातही न्यूट्रिनो सतत जन्मतात. १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर ते टिपले होते. त्यांत टाऊ जवळजवळ नसतो. दूरच्या उगमापाशीही नसतो: तिथे पायॉन नावाचे अल्पायुषी कण विरतात, त्यातून एका इलेक्ट्रॉनमागे दोन म्युऑन न्यूट्रिनो निघतात. पण न्यूट्रिनो वाटेत आडनाव बदलत राहतो. कोट्यवधी प्रकाशवर्षं चालून आल्यावर तिन्ही आडनावं साधारण सारखी होतात. एवढ्या ऊर्जेला पृथ्वीच्या व्यासाइतकं अंतर या बदलाला पुरतच नाही. म्हणजे टाऊ दिसला, की पाहुणा लांबचा आहे हे जवळजवळ नक्की.

नेमकं गाव मात्र म्युऑनच दाखवतो. २२ सप्टेंबर २०१७ ला आलेल्या एका रेघेने मृग नक्षत्राकडे बोट दाखवलं आणि तिथल्या ‘टीएक्सएस ०५०६+०५६’ या ब्लेझारमधून (आपल्या दिशेने झोत फेकणाऱ्या दीर्घिकेतून) त्याच सुमारास गॅमा किरणही उसळत होते. एक घटना, त्यामुळे शंका उरतेच. २०२२ मध्ये ४.७ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी १०६८ दीर्घिकेकडून सुमारे ७९ जादा न्यूट्रिनो आल्याचं दिसलं, तेव्हा न्यूट्रिनोंचं गाव अशा दीर्घिकांत असल्याचा दावा बळकट झाला. गंमत म्हणजे तिच्याकडून तेवढ्या ऊर्जेचे गॅमा किरण येतच नाहीत. मधल्या कृष्णविवराभोवतीच्या दाट गराड्यातच ते अडकत असावेत.

या ७९ जणांना आपण म्युऑन म्हणून ओळखलं. घरून निघताना त्यांतले किती जण इलेक्ट्रॉन होते, ते एकेकट्याला विचारून कळायची सोय नाही.