उंबरठ्याचा पत्ता

(पहाट. रिकामी धावपट्टी, कडेला ट्रायपॉड.)

पहिलं विमान यायला अवकाश आहे. तोवर धावपट्टी मोजणीवाल्यांची.

हे जाड पांढरे पट्टे पाहून वाटतं, धावपट्टी इथून सुरू होते. तसं नाही. थ्रेशोल्ड, म्हणजे धावपट्टीचा उंबरठा, या पट्ट्यांच्या 6 मीटर अलीकडे असतो. रंगाच्या कडेवर खांब टेकवला, तर उपकरण सुरू करण्याआधीच 6 मीटरची चूक. आणि मुभा आहे 1 मीटरची.

(खांबावरचा बुडबुडा, अगदी जवळून.)

बुडबुडा मध्यावर आला. रिसीव्हर उपग्रहांकडून आकडे घेतोय. पण हे अक्षांश-रेखांश कुठल्या पृथ्वीवरचे? हो, पृथ्व्या अनेक आहेत. जुन्या भूमापनात ज्याने त्याने आपल्या भूभागाला चपखल बसेल असं लंबवर्तुळ, म्हणजे पृथ्वीचा गणिती आकार, निवडलं. भारताच्या जुन्या नकाशांमागचं एव्हरेस्ट 1830 हे लंबवर्तुळ घ्या. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या डब्ल्यूजीएस-84 या जगभरासाठीच्या लंबवर्तुळापेक्षा सुमारे 860 मीटरने कमी, शिवाय केंद्रही निराळं. म्हणून जमिनीतला खिळा एकच, पण त्याचे पत्ते दोन, आणि त्यांच्यात शेकडो मीटरचं अंतर पडू शकतं. विमानांना हे परवडणारं नव्हतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, 1 जानेवारी 1998 पासून डब्ल्यूजीएस-84 हेच प्रमाण मानलं.

(धावपट्टीच्या लांबीवरून सरकणारा कॅमेरा.)

आता लांबी. जमिनीवर 3000 मीटर भरलेली धावपट्टी यूटीएम ग्रिडच्या, म्हणजे सपाट नकाशावरच्या मीटरच्या चौकटीच्या, मध्य रेखांशावर 2998.80 दिसते, कारण तिथे ग्रिड किलोमीटरमागे 40 सेंटिमीटर आखडतं. दोन्ही आकडे खरे. एका तक्त्यात सरमिसळ झाली, की 1 मीटरची मुभा संपली.

उंचीचं दुखणं वेगळंच. रिसीव्हर लंबवर्तुळापासूनची उंची देतो, वैमानिकाला हवी समुद्रसपाटीपासूनची. मधला फरक जिऑइडचा, म्हणजे समुद्रसपाटीच्या उंचसखल पृष्ठभागाचा. भारताच्या दक्षिणेकडच्या समुद्रात हा फरक 100 मीटरहून जास्त भरतो. आणि अचूक उपकरणांच्या आधारे उतरायच्या धावपट्टीवर उंबरठ्याच्या उंचीत चालते फक्त पाव मीटरची चूक.

(मनोरा. मागे डोंगर.)

भोवतालच्या अडथळ्यांना थोडी सूट: विमान जिथून चढतं-उतरतं त्या पट्ट्यात आडवी 5 मीटर, उभी 3.

पुढे आकड्यांवर सीआरसीचं, म्हणजे त्या आकड्यांवरूनच काढलेल्या तपासणी-संख्येचं, कुलूप बसतं. वाटेत एखादा अंक बदलला तर ते लगेच सांगतं. मुळातच चुकीच्या डेटमचा, म्हणजे चुकीच्या लंबवर्तुळावर आणि केंद्रावर बसवलेला, आकडा आत गेला, तर कुलूप तोही इमानेइतबारे जपतं. आणि तोच विमानाच्या संगणकात पोचतो.

(मोजणीची वही. पेन्सिल.)

उपकरणाची उंची: 1.527. वेळ लिहिली. खालचा रकाना डेटमचा. तो आम्ही मुद्दाम जवळून दाखवतोय. किती नकाशांवर तो कोराच असतो! इथे पेन्सिल क्षणभर थांबते, मग लिहिते: डब्ल्यूजीएस-84.

वॉकीटॉकी खरखरतो. धावपट्टी मोकळी करा. ट्रायपॉडचे पाय मिटले.