साडेअकरा ते दीड

(कॉलेजमधल्या समुपदेशनावरच्या फिल्मची संहिता. पहिलं दृश्य: कोकणातला पहाटेचा एसटी स्टँड, पाऊस. जर्नल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेली मुलं.)

सव्वासहाची गाडी. वाडीतून स्टँडपर्यंत पायी आणि पुढे कॉलेजपर्यंत दीड तास. गेल्या वर्षी ही मुलं गावातल्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर होती. बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो, अगदी विभाग सुरू झाल्यापासून. 2025 मध्ये राज्याचा निकाल होता 91.88 टक्के, कोकणाचा 96.74. वर्तमानपत्रातला मथळा फक्त तारीख बदलून छापला तरी चालेल.

(दृश्य: दाभोळ-धोपावे फेरीबोट. रेलिंगला टेकून कुणी नोट्स चाळतंय.)

मग पहिलं सेमिस्टर सुरू होतं. कागदावर शिकवण्याचे 90 दिवस. त्यातून जुलैचा पाऊस वजा करा, पुलावरून पाणी गेलं म्हणून माघारी फिरलेल्या गाड्या वजा करा, मग गणपती. गणपतीच्या आठवड्यात कोकणात वर्ग भरवायचा तर बाकं तेवढी हजर असतात. उरलेल्या दिवसांत बीएस्सीचा पूर्ण अभ्यासक्रम. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांना पारिभाषिक शब्द ओळखीचे असतात, पण सात-आठ गुणांचं उत्तर सलग इंग्रजीत लिहायची वेळ पहिल्यांदाच आलेली असते. दिवाळीच्या आगेमागे पेपर होतात, निकाल लागतो, आणि ज्या घरात कधी कुणी नापास झालेलं नाही तिथे दोन केट्या लागतात, म्हणजे दोन विषय राहतात.

कुडाळला मूल म्हणतं, "माका ह्या जमाचा नाय." चिपळूणला म्हणतं, "मला नाय जमायचं." समुपदेशकाचं पहिलं काम यातलं 'ह्या' शोधण्याचं. नेमकं काय जमत नाही?

(दृश्य: समुपदेशन खोली. टेबल, भिंतीवरचं घड्याळ, दोनशे पानी वही.)

अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाचे चार स्रोत सांगितले: स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि आपल्या शरीराची त्या वेळची अवस्था. यात पहिला सगळ्यांत बळकट. नुसता शाब्दिक धीर फार काळ टिकत नाही. सभागृहातल्या प्रेरणादायी व्याख्यानाचं चित्रण आमच्याकडे भरपूर आहे. ते या फिल्ममध्ये घेतलेलं नाही.

(दृश्य: वहीवर पट्टीने रेघा. चार रकाने.)

ही वही नीट पाहा. पहिल्या रकान्यात जुन्या प्रश्नपत्रिकेतला एकच प्रश्न, पाच ते आठ गुणांचा. दुसऱ्यात अंदाज: हा प्रश्न मला पुस्तक न उघडता, वेळेत सोडवता येईल याची खात्री किती? शून्य ते शंभर, दहादहाच्या टप्प्याने. आकडा पेनाने लिहायचा, म्हणजे नंतर खोडता येत नाही. मग घड्याळ लावायचं. पेपर 75 गुणांचा आणि वेळ अडीच तास असेल तर एका गुणाला दोन मिनिटं, म्हणून आठ गुणांच्या प्रश्नाला सोळा. वेळ संपली की पेन खाली. तिसऱ्या रकान्यात मिळालेले गुण. चौथ्यात कुठे अडलं, एका ओळीत, हवं तर मराठीत.

आठवड्याला असे पाच प्रश्न. तीन आठवड्यांनी दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी ठेवून वाचायचे. अंदाज 20 आणि गुण आठापैकी पाच, असं तीनदा दिसलं की बोलण्याचा सूर बदलतो. उलटंही दिसतं. अंदाज 90 आणि गुण दोन. तेही कळायला हवं.

फसतं कुठे? पहिल्याच दिवशी अख्खा पेपर घेऊन बसलं तर. अडलं की हळूच नोट्समध्ये डोकावलं तर. वही घरच्यांनी तपासायला घेतली तर पुढच्या आठवड्यात ती हरवते. आणि प्रश्न फारच सोपे निवडले तर सगळीकडे पूर्ण गुण दिसतात, पण त्यावर मुलाचाच विश्वास बसत नाही. सुरुवातीला प्रश्न असे हवेत, की चारांतले तीन जमतील आणि चौथ्याला घाम फुटेल.

(दृश्य: हॉस्टेलची खोली, रात्र. हायलायटरने पिवळी झालेली पानं.)

पान पिवळं झालं की अभ्यास झाल्यासारखा वाटतो. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये हाच भ्रम मोजला. एका गटाने एक उतारा चार सत्रं वाचला. दुसऱ्याने एकच सत्र वाचून पुढची तीन सत्रं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 83 विरुद्ध 71 टक्के. आठवड्याने वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61. आणि आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती.

(दृश्य: उत्तरपत्रिकेची छायाप्रत, समासात तीन रंगांच्या खुणा.)

केटीच्या विषयाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. इथे ती पुनर्मूल्यांकनासाठी मागवलेली नाही. लाल खूण म्हणजे येतच नव्हतं. निळी, येत होतं पण इंग्रजीत मांडता आलं नाही. हिरवी, वेळ संपली. तिन्हींचं औषध वेगळं. निळ्यासाठी व्याख्या आणि जोडवाक्यं हाताने लिहून काढायची, रोज पाच. हिरव्यासाठी घड्याळ. लाल खुणा घेऊन मात्र विषयाच्या सरांकडेच जावं लागतं.

(दृश्य: नऊ प्रश्नांचा मराठी फॉर्म, जवळून.)

पण काही वेळा अभ्यासाची पद्धत सुधारून भागत नाही. हा पीएचक्यू-9, नैराश्याची लक्षणं चाचपणारा फॉर्म. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न: झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, कशातच रस न वाटणं. प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण 27. बेरीज दहा किंवा जास्त आली तर सविस्तर मुलाखत घ्यायची. बेरजेवरून निदान होत नाही, पुढे काय करायचं तेवढं ठरतं. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांचा. तिथे शून्य सोडून काहीही असेल तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी बोलायचं आणि मुलाला एकटं घरी पाठवायचं नाही.

हा फॉर्म वर्गात वाटू नये. शेजारचा डोकावतो, आणि सगळ्यांचे शून्य येतात. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून भरून घेणं त्याहून वाईट. तीनशे जणांनी भरला आणि नववा प्रश्न पंधरा दिवसांनी कुणी पाहिला, तर तो न भरून घेतलेला बरा.

(दृश्य: खोलीचं दार बंद होतं. बाहेर चपलांचा एक जोड.)

इथून पुढे कॅमेरा बाहेर. आत काय बोललं गेलं ते घरच्यांनाही परस्पर सांगितलं जात नाही. अपवाद जिवाला धोका असेल तेव्हाचा, आणि तो मुलाला आधीच सांगून ठेवलेला असतो.

घरी कुणी देवाला कौल लावतं, कुणी गाऱ्हाणं घालतं. समुपदेशक त्याला आडवा जात नाही. कौल लावा, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करू नका. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी असे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतात, आणि गोळ्या सुटतात त्या इथेच.

(दृश्य: रिकामं बाक. मग आंब्याच्या पेट्या भरणारे हात.)

वेळेत कुणी न भेटलेल्यांचं वर्ष जातं, कुणी मुंबई गाठतं, आणि काही घरांत फक्त फोटो उरतो.

(दृश्य: नोटीस बोर्ड. जुन्या परिपत्रकांखालून अर्धी दिसणारी पाटी: टेलिमानस 14416.)

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 15 मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. टेलिमानससारख्या हेल्पलाइनचे नंबर वर्गात, हॉस्टेलमध्ये ठळक अक्षरांत हवेत. टेलिमानस 10 ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येतं.

(दृश्य: खोलीबाहेरची पाटी. रंगारी जुनी वेळ पुसतोय.)

इथे समुपदेशनाची वेळ होती दुपारी तीन ते पाच. गावाकडची शेवटची सोयीची एसटी साडेतीनला. ती चुकली तर पुढची सातची, आणि सातच्या गाडीने उतरलेल्या मुलीला घरी कारण सांगावं लागतं. येत होती ती फक्त हॉस्टेलची मुलं. आता नवी वेळ आहे, प्रॅक्टिकलच्या दोन बॅचच्या मधली. पाटीवर 'मानसिक' हा शब्दही नाही. 'अभ्यास मार्गदर्शन, खोली क्रमांक 12. मंगळवार आणि गुरुवार, साडेअकरा ते दीड.'

(दृश्य: ओला रंग. मागे उभी असलेली दोन मुलं.)