मोठे यान म्हणजे बढती नव्हे
(दादर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)

पत्रिकेवर ‘यानांचे आकारमान आणि खेळाचा समतोल’ असा भारदस्त विषय छापला असला, तरी माझी तक्रार साधी आहे. लहान यान उमेदवारीचे आणि मोठे यान बढतीचे, ही खेळाडूंच्या डोक्यात पक्की बसलेली समजूत अवकाश-सिम्युलेशनची, म्हणजे यान चालवण्याच्या संगणक-खेळांची, चव घालवते. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांच्या ‘एलिट’ या खेळामध्ये अशी शिडीच नव्हती. हाती ‘कोब्रा मार्क थ्री’ हे यान मिळे. पैसे जमले की त्यावर लेसर आणि डॉकिंग कॉम्प्युटर चढवायचे, यान मात्र शेवटपर्यंत तेच.

२०१४ च्या ‘एलिट डेंजरस’मध्ये मात्र सुरुवात ३२ हजार क्रेडिट्सच्या (खेळातल्या पैशांच्या) साइडवाइंडर या चिमुकल्या यानाने होते आणि डोळा असतो सुमारे १४ कोटी ७० लाखांच्या अजस्र अ‍ॅनाकोंडावर. माझ्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत अहोरात्र मालवाहतूक करून ते घेतले, आणि घेताना शिल्लक पार धुऊन काढली. यान नष्ट झाल्यास किमतीच्या पाच टक्के भरून ते परत मिळते. ते सुमारे ७३ लाख त्याने राखलेच नाहीत. फिरत्या ‘कोरिओलिस’ प्रकारच्या अवकाशस्थानकात शिरायला एक आडवी फट असते, तिला खेळाडू ‘मेल स्लॉट’ म्हणतात. साइडवाइंडर तिच्यातून सहज जाते. अ‍ॅनाकोंडाचे नाक आत गेले आणि पाठ वरच्या कडेला घासून अडकली. “मामा, हे मागे कसे घ्यायचे?” असे तो ओरडतो आहे, तोवर वाट अडवल्याबद्दल स्थानकाने ताकीद दिली आणि पाठोपाठ तोफा चालवल्या. स्वारी पुन्हा साइडवाइंडरमध्ये. (सभागृहात हसणाऱ्यांपैकी निम्मे त्याच फटीत अडकलेले दिसतात.)

यात माझी सहानुभूती स्थानकाला आहे. मुंबई बंदरात मोठ्या जहाजाला पायलट आणि टगबोटी लागतात, भाऊच्या धक्क्यावरची लाँच आपली आपण लागते. आकाराची किंमत अशीच मोजावी लागली पाहिजे. या खेळात आउटपोस्टवर, म्हणजे छोट्या स्थानकावर, मोठा लँडिंग पॅड नसतो, म्हणून मध्यम पॅडवर मावणाऱ्या पायथन यानाला व्यापारी मान देतात. मात्र तोच खेळ अ‍ॅनाकोंडाच्या सांगाड्याचे वजन ४०० टन ठेवतो, आणि त्याच्यापुढे बुटक्या दिसणाऱ्या पायथनचे ३५०. वजन कमी तितकी उडी लांब, परिणामी हे अजस्र धूड ताऱ्यामागून तारा अशा लांब उड्या मारत दीर्घिकाभर हिंडते. आकाराचा मान घ्यायचा आणि वजन माफ, हा माझा खरा आक्षेप आहे.

संयोजकांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा मुख्य युक्तिवाद उरकतो. २००३ पासून चालू असलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळामध्ये तोफेचा नेम लक्ष्याच्या कोनीय वेगावर (तोफेसमोरून ते किती झपाट्याने सरकते यावर) आणि आकारावर ठरतो, त्यामुळे बॅटलशिप या मोठ्या यानाभोवती जवळून घिरट्या घालणाऱ्या चिमुकल्या फ्रिगेटला बॅटलशिपच्या मोठ्या तोफा सहसा लागत नाहीत. टायटन या महाकाय यानाला नेहमीची वार्प-रोधक यंत्रे (वेगाने निसटू न देणारी) अडवू शकत नाहीत, पण इंटरडिक्टरसारख्या लहान यानाने टाकलेला रोधक क्षेत्राचा बुडबुडा त्याला रोखून धरतो. जानेवारी २०१४ मध्ये खेळातल्या ‘बी-आर फाइव्ह आर-बी’ या तारामंडळातील लढाईत ७५ टायटन नष्ट झाले. असे धूड हाती असले की मरणाची भीती सुटते, असे कोणी समजू नये.

‘स्टार सिटिझन’ या खेळाने आणखी एक किंमत लावली: मोठ्या यानाच्या तोफांच्या बुरुजांवर बसायला वेगळी माणसे हवीत. अशी चार माणसे, सगळी कर्जत लोकलने घरी पोहोचून जेवून झालेली, रात्री एकाच वेळी जमवता येत असतील, तर मोठे यान जरूर घ्यावे.