कागदावरचे गाव, जमिनीवरचे गाव : लेस्टरशायरच्या इतिहासाची साधने

मित्रहो, इंग्लंडच्या नकाशाच्या जवळजवळ मध्यावर लेस्टरशायर नावाची काउंटी आहे. तिला समुद्रकिनारा नाही, नाव घेण्याजोगे पर्वत नाहीत आणि प्रवाशाने मुद्दाम वाट वाकडी करून जावे असे फारसे काही तिथे आढळत नाही. तरीही स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला ही काउंटी टाळता येत नाही, कारण १९४८ मध्ये लेस्टरच्या विद्यापीठीय महाविद्यालयात स्थानिक इतिहासासाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि गावाचा इतिहास हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय आहे हे तिथे पहिल्यांदा मान्य झाले. त्या विभागामागे डब्ल्यू. जी. हॉस्किन्स हे गृहस्थ होते. त्यांच्या कामाकडे वळण्यापूर्वी त्यांच्या आधी या काउंटीचा इतिहास कोणी आणि कोणासाठी लिहिला हे पाहू.

पहिले नाव विल्यम बर्टन यांचे. त्यांनी १६२२ मध्ये लेस्टरशायरचे वर्णन छापले. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी जॉन निकल्स या लंडनच्या मुद्रकाने १७९५ ते १८१५ या काळात काउंटीचा प्रचंड इतिहास चार खंडांत आणि आठ भागांत प्रसिद्ध केला. १८०८ साली त्यांच्या छापखान्याला आग लागून छापील साठा जळाला, तरी त्यांनी काम सोडले नाही. या दोघांचा वाचक म्हणजे जमीनदार, आणि म्हणून त्यांच्या ग्रंथांत जहागिरी कोणाकडून कोणाकडे गेली, घराण्याची वंशावळ काय, चर्चमध्ये कोणाची समाधी आणि तिच्यावर कोणते चिन्ह, हेच पानोपानी येते. नांगर धरणारा माणूस त्यात अपघातानेच भेटतो. असे असले तरी निकल्स यांना मोडीत काढण्याची घाई मी करणार नाही. त्यांनी उतरवून घेतलेले कित्येक शिलालेख आणि कोरून छापलेली स्मारके आज मूळ जागी उरलेली नाहीत, आणि त्यांच्याबद्दल बोलायचे तर निकल्स यांचीच साक्ष काढावी लागते.

हॉस्किन्स यांनी अभ्यासाला गाव निवडले ते लेस्टरच्या दक्षिणेचे विगस्टन. हे मोठे गाव होते, दोन चर्चचे होते, पण सगळ्या गावावर हुकमत चालवणारा निवासी जमीनदार तिथे नव्हता. बर्टन किंवा निकल्स यांच्या दृष्टीने अशा गावात सांगण्यासारखे थोडेच. हॉस्किन्स यांना मात्र हवे होते ते नेमके तिथेच मिळाले : पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची थोडीफार जमीन राखून असलेली शेतकरी घराणी. गावाची जमीन मोठ्या खुल्या शिवारांत विभागलेली असे आणि एकेका कुटुंबाच्या पट्ट्या त्या सर्व शिवारांत विखुरलेल्या असत. १७६४ चा कायदा आणि १७६६ चा निवाडा यांनी ही व्यवस्था मोडली, पट्ट्या एकत्र करून कुंपणे घातली गेली, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत लहान मालक नाहीसे होत गेले. गावात राहिलेल्यांपैकी अनेकांच्या हाती मोजे विणण्याचे यंत्र आले. १९५७ मध्ये हॉस्किन्स यांचा विगस्टनवरचा ग्रंथ निघाला, तेव्हा एका गावाच्या बखरीतून साऱ्या मध्य इंग्लंडच्या शेतकऱ्याची कहाणी वाचकांपुढे आली.

हे सारे कोणत्या कागदांतून निघाले? त्यांतला एकच प्रकार जवळून पाहू. माणूस मेल्यावर त्याच्या जंगम मालमत्तेची यादी करण्याची पद्धत इंग्लंडमध्ये होती आणि १५२९ च्या कायद्याने तिला पक्के रूप दिले. दोन-चार शेजारी मृताच्या घरी जात आणि खोलीमागून खोली फिरून वस्तू लिहून किंमत मांडत. यादीच्या डोक्याशी बहुधा त्याचा बटवा आणि अंगावरचे कपडे असत. मग बैठकीच्या खोलीतले टेबल आणि बाके, आतल्या खोलीतला पलंग आणि पिसांची गादी, पितळेची भांडी, कथिलाच्या मिश्रधातूची ताटे, धुराड्यात टांगलेले डुकराचे मांस, अंगणातल्या गाई, कोठारातले सातू, इतकेच काय, खताचा ढीगही. शेवटी ‘इतर किरकोळ’ म्हणून काही शिलिंग. ही यादी वाचताना घराचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो आणि त्यामुळेच ती फसवते. तिच्यात जमीन येत नाही, म्हणजे गावातला मोठा मालक कागदावर मध्यम वाटू शकतो. ऑगस्टमध्ये मेलेल्या शेतकऱ्याचे पीक शिवारात उभे असते, मार्चमध्ये मेलेल्याचे कोठार निम्मे रिकामे झालेले असते. दोघांची बेरीज शेजारी शेजारी ठेवून कोण श्रीमंत हे ठरवणारा अभ्यासक फसलाच म्हणून समजा. यादीची तारीख आधी पाहावी, रक्कम मागाहून.

तारखेचीही एक गंमत आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे चर्चच्या नोंदवहीत १० फेब्रुवारी १६४० अशी नोंद दिसली तर आपल्या हिशेबाने ते १६४१ साल असते. हे लक्षात न घेतल्याने लग्नाआधी बाळ जन्मल्याचे आरोप कितीतरी सभ्य दांपत्यांवर त्यांच्याच वंशजांनी केले आहेत. चर्चच्या या नोंदवह्या आठव्या हेन्रीचे मंत्री थॉमस क्रॉमवेल यांच्या १५३८ च्या आदेशाने सुरू झाल्या, पण १५९८ मध्ये जुन्या कागदी नोंदी चर्मपत्रावर उतरवण्याचा हुकूम निघाला तेव्हा एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासून, म्हणजे १५५८ पासून, विशेष भर देण्यास सांगितले गेले. म्हणून पुष्कळ गावांच्या वह्या १५५८ लाच सुरू होतात. शिवाय त्यांत नोंद असते बाप्तिस्म्याची आणि दफनाची, जन्म-मृत्यूची नव्हे. सरकारी चर्चपासून फटकून राहणारी कुटुंबे त्यांतून निसटतात. १६६२ ते १६८९ दरम्यान वसूल झालेल्या चूलपट्टीच्या यादीत घरागणिक चुली मोजलेल्या सापडतात, पण सूट मिळालेल्या गरिबांची नावे लिहायची की नाहीत हे त्या त्या कारकुनाच्या मर्जीवर राहिलेले दिसते. प्रत्येक कागद कोणीतरी कशासाठी तरी केला आहे, आणि तो ‘कशासाठी’ कळला की त्यात कोण सुटले असेल याचा अंदाज येतो.

गरिबांविषयी म्हणाल तर त्यांचा आवाज सर्वांत स्पष्ट ऐकू येतो तो त्यांना हाकलण्यासाठी केलेल्या कागदांत. १६६२ च्या कायद्यानुसार निराधार माणसाला पोसण्याची जबाबदारी त्याच्या हक्काच्या गावावर असे, म्हणून दुसऱ्या गावात हलाखीत सापडलेल्या माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करून विचारले जाई : जन्म कुठे, उमेदवारी कोणाकडे केली, सालगडी म्हणून पूर्ण वर्ष कुठे राहिलास, लग्न केव्हा झाले. त्या गावाला खर्च दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा होता. आपल्याला त्यातून एका मजुराचे अर्धे आयुष्य मिळते.

आता कागद बाजूला ठेवून शिवारात जाऊ. लेस्टरच्या पूर्वेला इंगर्सबी नावाचे गाव होते. १४६९ मध्ये लेस्टरच्या मठाने तिथली बहुतेक जमीन कुंपणात घेऊन जनावरांना चरायला मोकळी केली आणि गाव उठले. आज त्या कुरणात घरांच्या जोत्यांचे उंचवटे आणि खोलगट झालेला गावरस्ता दिसतो, विशेषतः हिवाळ्यात ऊन तिरपे पडते तेव्हा. अशी गावे दिसली की १३४८-४९ च्या महामारीने ती ओस पडली असे सांगण्याचा मोह होतो. परंतु १३७७ च्या डोईपट्टीच्या यादीत त्याच गावची माणसे कर भरत असतील तर महामारीला सगळा दोष देता येत नाही, मेंढ्यांकडे पाहावे लागते. या काउंटीतल्या कुरणांत जुन्या नांगरटीच्या सऱ्या-वरंबेही टिकून आहेत, कारण कुंपणबंदीनंतर ती जमीन पुन्हा फारशी नांगरली गेली नाही. मध्ययुगीन वरंबा उलट्या इंग्रजी एस अक्षरासारखा किंचित वळतो, कारण बैलांच्या लांबलचक जोतीला टोकाशी वळायला जागा लागे. सरळसोट, अरुंद वरंबे दिसले तर ते बहुधा एकोणिसाव्या शतकातले.

नकाशाचीही उलटतपासणी करावी लागते. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत पडलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाला लेस्टरच्या ग्रेफ्रायर्स मठात पुरले होते. जॉन स्पीड यांच्या १६१० च्या सुमाराच्या नकाशात ग्रेफ्रायर्सचे नाव ब्लॅकफ्रायर्स या दुसऱ्याच मठाच्या जागी पडले, आणि कबरीचा मागमूस राहिला नाही हे त्यांचे म्हणणे त्या चुकीतूनच आले असावे असे काही संशोधकांना वाटते. अस्थी नदीत फेकल्याची कथा तर पुढे शहराने खरीच मानली. वास्तविक १६१२ मध्ये एका बागेत कबरीची जागा दाखवणारा दगडी खांब पाहिल्याची नोंद उपलब्ध होती. २०१२ साली जुने आणि नवे नकाशे एकमेकांवर ठेवून जागा नक्की केली गेली आणि मोटारतळाखाली सांगाडा मिळाला.

आपल्याकडे जिल्ह्याचा इतिहास म्हटले की मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर डोळ्यांपुढे येते, आणि ते सरकारी काम होते. इंग्लंडमध्ये १८९९ मध्ये सुरू झालेली व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी ही मालिका वर्गणीदारांच्या भरवशावर उभी राहिली. १९३३ पासून ती लंडन विद्यापीठाच्या इतिहास संशोधन संस्थेकडे आहे. लेस्टरशायरचा पहिला खंड १९०७ चा, गार्ट्री या उपविभागाचा पाचवा खंड १९६४ चा, आणि त्यानंतर काम कित्येक दशके थंडावले. सहा उपविभागांपैकी एकाचाच संपूर्ण खंड तोवर हाती आला होता. एकविसाव्या शतकात ते पुन्हा चालू झाले ते मुख्यतः स्थानिक स्वयंसेवकांच्या जोरावर. हे लोक काउंटीच्या अभिलेखागारात बसून एकेका पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या परिसराचा, इतिहास लिहितात, आणि हे अभिलेखागार योगायोगाने विगस्टनमध्येच आहे. इथे शिस्त कडक असते : प्रत्येक विधानाला संदर्भ हवा, आणि छापील सूची किंवा संगणकावरची अनुक्रमणिका ही कागद शोधण्यासाठी वापरायची, पुरावा म्हणून द्यायची नाही.

विसाव्या शतकाकडे येताना अडचण वेगळीच येते. जनगणनेचे घरनिहाय कागद शंभर वर्षे बंद असतात. १९२१ चे २०२२ मध्ये खुले झाले. १९३१ चे १९४२ मध्ये आगीत गेले, १९४१ मध्ये गणना झालीच नाही. म्हणजे पुढची वही २०५२ पर्यंत उघडणार नाही. ही पोकळी माणसांच्या तोंडून भरावी लागते, आणि त्यासाठी २००१ मध्ये लेस्टरला पूर्व मिडलँड्सचा मौखिक इतिहास संग्रह सुरू झाला. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तिथल्या वर्तमानपत्रात ‘आमच्याकडे येऊ नका’ अशा अर्थाची जाहिरात दिली. जाहिरात कागदावर आहे, तिचा संदर्भ सहज देता येतो. तरीही हजारो लोक आले, त्यांत गुजरातीभाषकांचा भरणा मोठा होता. ते का आले, पहिले घर कसे मिळाले, कारखान्यात कोणी शब्द टाकला, हे त्यांनाच विचारावे लागते. अशी मुलाखत नोंदवताना विचारणाऱ्याचा प्रश्न उताऱ्यातून गाळू नये, कारण उत्तराला वळण त्यानेच दिलेले असते. बोलणारा गुजरातीत बोलला असेल तर मूळ ध्वनिमुद्रण भाषांतराबरोबर जपावे. दिनांक, स्थळ आणि बोलणाऱ्याची लेखी संमती त्याच दिवशी लिहून घ्यावी, आणि एक प्रत आपल्या कपाटात न ठेवता अभिलेखागाराकडे सोपवावी.