पऱ्हाटीच्या वेळापत्रकात बसवायची पदवी

मित्रहो, बारावीनंतर शिक्षण सुटलं आणि आता पुन्हा सुरू करायचं आहे, असे बरेच जण इथे बसले आहेत. कुणाच्या घरी पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, वावर आहे, कुणी जिनिंगमध्ये काट्यावर आहे, काही ताई बचत गटाचं दप्तर सांभाळतात. वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रं तुमच्या रोजच्या कामाला लागूनच आहेत. म्हणून आज दूरशिक्षणातल्या बीए आणि बीकॉमबद्दल बोलू.

मुक्त विद्यापीठाची पदवी सोपी असते, पुस्तकं घ्यायची आणि परीक्षेला बसायचं, असं गावात सर्रास सांगतात. या समजुतीनं फार नुकसान होतं. हजेरीची सक्ती नसते, पण अभ्यास तेवढाच असतो आणि त्याचं वेळापत्रक तुम्हालाच लावावं लागतं.

आकडेच बघा. इग्नूमध्ये, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे तीस तासांचा अभ्यास. तीन वर्षांच्या बीए किंवा बीकॉमला १३२ श्रेयांक धरले, तर ३,९६० तास झाले. तीन वर्षांत संपवायचं तर रोज साडेतीन तासांच्या वर बसावं लागतं, एकही दिवस न चुकवता. वेचणीच्या दिवसांत हे जमत नाही. पण तीन वर्षांच्या पदवीला तिथे सहा वर्षांची मुदत मिळते, आणि सहा वर्षांत विभागलं तर रोज पावणेदोन तासांच्या थोडं वर येतं. पहिल्या दिवसापासून चार किंवा पाच वर्षांचं गणित मांडा. त्यात कमीपणा काही नाही, गुणपत्रिकेवर त्यानं फरक पडत नाही.

आता हे तास वर्षात कुठे बसवायचे? इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. आपल्याकडे, विदर्भाच्या कापूसपट्ट्यात, जूनमध्ये पेरणी. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि मग डिसेंबरच्या पुढेही चालणारी कापसाची वेचणी. म्हणजे दोन्ही परीक्षा कामाच्या दिवसांतच येतात. तरी दोघींत फरक आहे. जूनच्या आधी जानेवारी ते मे असे कोरडवाहू कास्तकाराला थोडे मोकळे महिने मिळतात, आणि डिसेंबरच्या आधी एकही मिळत नाही. म्हणून जड विषय, लेखाकर्म, सांख्यिकी, सूक्ष्म अर्थशास्त्र, जूनला ठेवा. डिसेंबरला एक-दोन वाचनाचे पेपर द्या. परीक्षेचा अर्ज पेपरनिहाय भरता येतो, सगळे एकदम भरायची सक्ती नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्यांनी हे वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नये. तिकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहा, मेमध्ये तेंदू, जुलैमध्ये धानाची रोवणी आणि नोव्हेंबरला कापणी. तिथे जानेवारी-फेब्रुवारी आणि ऑगस्ट-सप्टेंबर हेच खरे अभ्यासाचे महिने.

सगळ्यात जास्त पदव्या अडकतात त्या स्वाध्यायावर, म्हणजे घरून लिहून जमा करायच्या असाइनमेंटवर. इग्नूच्या बहुतेक पदवी पेपरांत ३० टक्के भार स्वाध्यायाला आणि ७० टक्के परीक्षेला असतो, आणि दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. परीक्षेत सत्तर मिळाले आणि स्वाध्याय दिलाच नाही, तर तो पेपर अपूर्णच राहतो. चुका नेहमीच्याच. मागच्या वर्षीच्या प्रश्नांची उत्तरं लिहिलेली असतात. बाजारातल्या तयार उत्तरांची नक्कल असते. जमा केल्याची पोच घेतलेली नसते, आणि सहा महिन्यांनी गुण चढलेले दिसत नाहीत तेव्हा हातात पुरावा नसतो. आपल्या प्रवेशसत्राचे प्रश्न संकेतस्थळावरून घ्या, उत्तर हातानं लिहा, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि पोच पिशवीत नव्हे, फाइलमध्ये ठेवा. हातानं लिहिण्याचा आणखी एक लाभ आहे. दहा वर्षं पेन न धरलेल्या माणसाची बोटं परीक्षेच्या दुसऱ्या तासात थांबतात, आणि हा सराव स्वाध्यायानंच होतो.

माध्यमाचा विचार प्रवेशाआधी करा. मराठीतून लिहायचं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा रस्ता सरळ आहे. १९८९ पासूनचं हे विद्यापीठ, त्याची विभागीय केंद्रं नागपूर आणि अमरावतीला आहेत आणि अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या महाविद्यालयांत. इग्नूचं साहित्य मुख्यतः इंग्रजी-हिंदीत असतं. इंग्रजीची भीती आहे म्हणून हिंदी निवडणारे बरेच, पण वाणिज्यातल्या हिंदी संज्ञा आधी चाळून बघा. ‘देयता’, ‘ह्रास’, ‘परिसंपत्ति’ या शब्दांशी जुळवून घ्यायलाही वेळ लागतो.

विषय निवडताना मात्र घाई करू नका, इथे खरी गंमत आहे. एक कापसाची गाठ घ्या, म्हणजे सरकी काढून दाबून बांधलेली रुई. तिचं वजन १७० किलो. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागला. रुईचा भाव निघतो खंडीवर, खंडी ३५६ किलोची, म्हणजे जवळपास साडेदहा क्विंटल कापूस. आता जिनिंगवाल्याचा खर्च रुई आणि सरकीत कसा वाटायचा? हा परिव्ययलेखातला (कॉस्ट अकाउंटिंगमधला) संयुक्त खर्चाचा प्रश्न. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, तो कोणत्या खर्चावर ठरला? ए-टू अधिक एफएल या हिशेबात प्रत्यक्ष खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी येते. सी-टूमध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याजही मिळवतात. हा अर्थशास्त्राचा पेपर. आणि किलोवर वेचणी करणाऱ्या बहुतांश बाया का, त्यांच्या मजुरीचा दर कोण ठरवतं, हा समाजशास्त्राचा. बीकॉम घेतलं तर सामाजिक शास्त्रांतला एखादा ऐच्छिक पेपर मिळतो का ते बघा, बीए घेतलं तर अर्थशास्त्र सोडू नका.

दोन पदव्या एकदम करायची परवानगी यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ मध्ये दिली आहे. तरी बीए आणि बीकॉम दोन्ही घेण्याआधी त्या ३,९६० तासांना दोननं गुणा.

मध्येच सोडावं लागलं तर? नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाच्या साधारण ४० ते ४४ श्रेयांकांवर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षाअखेर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम वेगळा करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परत यावं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी, अशी त्या धोरणाची मर्यादा आहे. लग्न ठरलेल्या मुलींनी आणि कामासाठी पुण्या-सुरतेला जाणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं. नुसतं बंद करू नका, जमा झालेलं पदरात पाडून घ्या.

कागदपत्रांचं सांगतो. आधी बारा अंकी अपार क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, काढावा लागतो, मग त्यावर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डेब-आयडी, आणि तो असल्याशिवाय दूरशिक्षणाचा प्रवेश होत नाही. गाडी अडते ती नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव, गुणपत्रिकेवर माहेरचं. सेवा केंद्रावर पैसे देऊन अर्ज भरून घेतला तरी ही तफावत तशीच राहते. प्रवेशाची मुदत उघडण्याआधी आधारची दुरुस्ती करा, आणि मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला तुमचा स्वतःचाच असू द्या, दुकानदाराचा नको. ओटीपी आणि परीक्षेच्या सूचना त्यावरच येतात.

एका वर्षात पदवी, मागच्या तारखेची पदवी, अशी पत्रकं बसस्टँडवर चिकटवलेली दिसतात. पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि वर्ष या तिन्ही गोष्टी तपासा. एका वर्षी मान्यता होती म्हणून पुढच्या वर्षी असेलच असं नाही. मानसशास्त्रच बघा, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून ते दूरशिक्षणातून वगळलं आहे. कुणी अजूनही त्याचे प्रवेश देत असेल, तर तिथे फी भरू नका.