'डूलाली टॅप'मधला टॅप म्हणजे नळ नव्हे!

नमस्कार मंडळी! शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी स्लँगवर व्हिडिओ करा, करा म्हणून कमेंटमध्ये नुसता धोशा लावलाय तुम्ही. रील्सवर सध्या तेच चाललंय, माहितीये. तर ते आधी उरकून टाकू. १९२० च्या दशकातल्या अमेरिकेत झकास गोष्टीला म्हणायचे 'बीज नीज', मधमाशीचे गुडघे. नाहीतर 'कॅट्स पजामाज'. का? कानाला गंमत वाटली म्हणून. दारूबंदीतला चोरटा गुत्ता म्हणजे 'स्पीकईझी'. झालं.

मला बोलायचंय ते ब्रिटिश टॉमीबद्दल, म्हणजे साध्या गोऱ्या शिपायाबद्दल. त्याच्या बोलीतला बराच माल इकडून गेलेला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकात बसून तो 'ब्लायटी'ची आठवण काढायचा. ब्लायटी म्हणजे मायदेश, आणि मूळ शब्द आपला विलायती! जीव जाणार नाही पण घरी पाठवतील, एवढी जखम म्हणजे 'ब्लायटी वन'. अशी जखम व्हावी म्हणून लोक देव पाण्यात घालून बसायचे.

आणि 'डूलाली टॅप'. म्हणजे डोकं फिरणं. डूलाली हे आपलं देवळाली, नाशिकजवळचं. आता नीट ऐका. टॅप म्हणजे नळ नाही. टॅप म्हणजे ताप, थर्मामीटर लावून बघतो तो. एकांनी कमेंटमध्ये लिहिलंय, 'डोक्यावर टपली मारतात त्यावरून.' अहो, टपली नाही हो! गोऱ्याच्या जिभेला 'त' झेपेना, म्हणून तापाचा टॅप झाला. देवळालीचा ताप. आपण डोक्याला ताप म्हणतो ना, तस्साच.

कसला ताप? मुदत संपलेल्या शिपायांना बोट मिळेपर्यंत देवळालीच्या कॅम्पात ठेवायचे. बोटी सुटायच्या साधारण ऑक्टोबर ते मार्च. एप्रिलात मुदत संपली, की बसा अख्खा पावसाळा! हत्यारं जमा, अधूनमधून किटची तपासणी, एखादा रूट मार्च. बाकी दिवसभर माशा मारा. मग दारू, मारामाऱ्या. वर्षानुवर्षं चोख नोकरी केलेले गडी घरी जायच्या तोंडावर तुरुंगात जायचे.

'उन्हानं वेडे झाले असतील' म्हणणाऱ्यांनो, माझं आजोळ भगूर, देवळालीला खेटून. तिथे मुंबईची माणसं हवा खायला येतात, सॅनेटोरियम आहेत तिथे! ऊन नाही, रिकामपण बाधलं त्यांना.

पुढे टॅप गळून नुसतं 'डूलाली' उरलं. मागे एका कॉलवर लंडनची सहकारी म्हणाली, प्रिंटर डूलाली झालाय. मी म्हटलं, तिथून हाकेच्या अंतरावर माझे मामा राहतात. बाई हसतच सुटल्या. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

बरं, टॉमीचाच आणखी एक शब्द, 'कुशी'. कुशी नोकरी म्हणजे आरामाची नोकरी. तो शब्द खुशीवरून आला की नाही यावर कमेंटमध्ये जुंपलेलीच आहे. चालू द्या, मी वाचतोय.