मॅनहोलचे झाकण आणि महापालिकेची निविदा

(दृश्य: शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक फौंड्री. साच्यात ओतले जाणारे वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड.)

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत बिडाच्या ओतकामाचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. इथल्या फौंड्र्यांमधून वाहनांचे, पंपांचे आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग देशभर आणि परदेशातही जातात. या शहराच्या रस्त्यांवर ड्रेनेजची झाकणे आहेत, जलवाहिन्यांवर पाणी सोडण्याचे व बंद करण्याचे स्लुइस व्हॉल्व्ह आहेत, उपसा केंद्रांत पंप आहेत. आणि हे सारे विकत घेणारी कोल्हापूर महानगरपालिका या कारखान्यांपासून काही किलोमीटरवर, भाऊसिंगजी रोडवर आहे. तरीही वाहन कंपनीची कठोर तपासणी वर्षानुवर्षे पार करणारा लघुउद्योजक महापालिकेच्या निविदेपुढे थबकतो. माल त्याला बनवता येतो, पण निविदेची कागदपत्रे त्याला परकी वाटतात. ही वाट कशी आहे, हे आपण एका झाकणाच्या निमित्ताने पाहू.

(दृश्य: महापालिकेची मुख्य इमारत. पुईखडी जलशुद्धीकरण केंद्र. केएमटीची, म्हणजे महापालिकेच्या परिवहन उपक्रमाची बस.)

कोल्हापूरची नगरपालिका 1854 मध्ये स्थापन झाली आणि 15 डिसेंबर 1972 रोजी तिची महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेनुसार साडेपाच लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या शहराला पाणी देणे, सांडपाणी शुद्ध करणे, कचरा उचलणे, दवाखाने आणि शाळा चालवणे, दिवाबत्ती आणि अग्निशमन सांभाळणे ही कामे तिच्याकडे आहेत. त्यामुळे तिच्या खरेदीत पुईखडीच्या केंद्राला लागणारी शुद्धीकरणाची रसायने असतात, सावित्रीबाई फुले रुग्णालयाची औषधे असतात, कसबा बावड्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील यंत्रांची देखभाल असते, तसेच संगणक दुरुस्ती आणि सुरक्षारक्षक यांसारख्या सेवाही असतात. काळम्मावाडी धरणापासून सुमारे 53 किलोमीटरची थेट पाईपलाईन टाकून 2023 च्या दिवाळीत शहरात पाणी आले, तेव्हा त्या योजनेची चर्चा घरोघरी झाली. मात्र लहान कारखानदाराच्या आवाक्यातली खरेदी अशा योजनांपेक्षा दररोजच्या गरजांत अधिक असते.

या खरेदीचा पहिला माग अर्थसंकल्पात लागतो. 1 एप्रिलपासून सुरू होणाऱ्या वर्षासाठी कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या सदरात, किती तरतूद आहे, हे त्या पुस्तकात छापलेले असते, आणि ज्याला महापालिकेला काही विकायचे आहे त्याने जाहिरातीची वाट पाहण्याआधी ते वाचायला हवे. तरतूद नसेल तर गरज कितीही खरी असली तरी फाईल पुढे सरकत नाही.

झाकणाची गरज प्रथम कनिष्ठ अभियंत्याच्या टिपणीत दिसते. जागेची पाहणी करून तो संख्या ठरवतो आणि अंदाजपत्रक तयार करतो. दर शासनाच्या दरसूचीत असेल तर तिथून, नसेल तर बाजारातून दरपत्रके मागवून घेतला जातो. त्यानंतर लेखा विभाग तरतूद तपासतो, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळते, आणि मगच निविदा निघते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 73 नुसार महापालिकेच्या वतीने करार करण्याचा अधिकार आयुक्तांचा आहे, पण ठरावीक रकमेवरील कराराला सोळा सदस्यांच्या स्थायी समितीची मान्यता लागते. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये सभागृहाची मुदत संपल्यापासून 2026 च्या जानेवारीतील निवडणुकीपर्यंत हे अधिकारही प्रशासकांकडेच होते.

फाईल या टप्प्यांतून जात असताना उत्पादकाने आपल्या मालाचे माहितीपत्रक आणि चाचणी अहवाल विभागाला देण्यात काहीही गैर नाही. अभियंत्याला बाजारात काय उपलब्ध आहे हे त्यातूनच कळते. मात्र आपल्याच मालाला बसेल असा तपशील लिहून देण्याचा मोह विकणाऱ्यानेही आवरला पाहिजे आणि तो स्वीकारण्याचा मोह घेणाऱ्यानेही. ज्या तपशिलाने आज शेजारच्या कारखान्याला बाहेर ठेवले, तसाच तपशील उद्या दुसऱ्या कोणाच्या सोयीने लिहिला जातो.

(दृश्य: चाचणी यंत्राखाली ठेवलेले झाकण. त्यावरील श्रेणीची अक्षरे.)

तपशील कसा असावा याचे चांगले उदाहरण हे झाकणच आहे. बिडाच्या मॅनहोल झाकणांसाठी आयएस 1726 हे भारतीय मानक आहे आणि त्यात भार सोसण्याच्या क्षमतेनुसार श्रेणी ठरवलेल्या आहेत. गल्लीतल्या पायवाटेवर चालणारे झाकण ट्रक आणि बस धावणाऱ्या रस्त्यावर टिकत नाही. तिथे एचडी-20 किंवा त्याहून जड, ईएचडी-35 या श्रेणीचे झाकण लागते, आणि हे आकडे टनांतील भाराचे आहेत. निविदेत मानक आणि श्रेणी स्पष्ट लिहिली, पुरवठ्यापूर्वी नमुन्यांची भारचाचणी घेतली, तर चांगला माल निवडण्याचे निम्मे काम तिथेच होते. बिडाच्या झाकणाला भंगारात किंमत येत असल्याने ती चोरीला जातात आणि म्हणून अनेक शहरे पोलादी तंतू घातलेल्या काँक्रीटची झाकणे घेतात. फौंड्रीवाल्याला हे आवडणार नाही, पण खरेदीदाराची ही खरी अडचण आहे आणि तिला बिजागरी किंवा कुलपाची रचना करून उत्तर देता येते.

उद्यमनगरातला टर्नर ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापातला चालणारा फरक, ज्या बारकाईने वाचतो, त्याच बारकाईने निविदेचा कागद वाचला पाहिजे. पुरवठा भांडारात पोच करायचा आहे की प्रत्यक्ष जागेवर, जुने झाकण काढून नवे बसवण्याचे काम त्यात धरले आहे का, दर करासह द्यायचा की कर वगळून, दोषदायित्वाचा, म्हणजे मालातील दोष स्वखर्चाने दूर करून देण्याचा कालावधी किती, दर वर्षभर बांधील राहणार का, या प्रत्येक ओळीत पैसे आहेत. दर करार असेल तर महापालिका सांगितलेली पूर्ण संख्या घेईलच असे नसते. गरजेप्रमाणे पुरवठा आदेश निघतात आणि तेवढाच माल द्यायचा असतो. कच्च्या लोखंडाचा भाव महिन्यागणिक हलत असताना वर्षभराचा दर एकदाच लिहून देणे ही मोठी जोखीम आहे, आणि ती दरात धरावीच लागते.

सर्वांत जास्त लघुउद्योजक अडतात ते पात्रतेच्या अटींवर. मागील तीन वर्षांची उलाढाल, तशाच पुरवठ्याचा अनुभव, शासकीय संस्थेचा दाखला, अशा अटी जलवाहिनीच्या कामाला समर्पक असतात. झाकणाच्या पुरवठ्यासाठी त्या तितक्याच कडक ठेवल्या तर भारचाचणीत सहज उत्तीर्ण होणारा कारखाना कागदावर नापास होतो. अशा अटींवर चहाच्या टपरीवर बोलून काही निष्पन्न होत नाही. निविदापूर्व बैठक असते, लेखी प्रश्न विचारण्याची मुदत असते, आणि रास्त हरकत असेल तर महापालिका शुद्धिपत्रक काढू शकते. लिफाफे उघडल्यानंतर तीच हरकत घेतली की ती हरलेल्याची तक्रार ठरते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून 25 टक्के खरेदी करण्याचे बंधन केंद्र शासनाच्या 2012 च्या आणि पुढे सुधारलेल्या आदेशाने केंद्रीय मंत्रालये, विभाग आणि सार्वजनिक उपक्रमांवर आहे. महापालिकेकडे तो वाटा हक्क म्हणून मागता येत नाही. निविदेसोबत भरायच्या बयाणा रकमेतून सूट मात्र निविदेत नमूद असेल तर उद्यम नोंदणीच्या, म्हणजे लघुउद्योग म्हणून केलेल्या सरकारी नोंदणीच्या आधारे मिळते, म्हणून ते कलम शोधून वाचावे.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर महाटेंडर्सचे संकेतस्थळ. यूएसबीमधील डिजिटल स्वाक्षरी.)

निविदा भरली जाते ती महाटेंडर्स या राज्याच्या संकेतस्थळावर. त्यासाठी तिसऱ्या वर्गाची डिजिटल स्वाक्षरी लागते. निविदेचे दोन ऑनलाइन लिफाफे असतात. पहिल्या लिफाफ्यात पॅन, वस्तू व सेवा कराची नोंदणी, उलाढालीचा सनदी लेखापालाचा दाखला, अनुभवाचे दाखले, चाचणी अहवाल आणि काळ्या यादीत नसल्याचे प्रतिज्ञापत्र असते. दुसऱ्यात फक्त दर. दराची एक्सेल फाईल संकेतस्थळावरून उतरवून घेतलेलीच वापरायची असते आणि तिचे नाव बदलायचे नसते. मुदत संपेपर्यंत भरलेली निविदा सुधारता येते, त्यानंतर एक अक्षरही बदलत नाही, आणि वेळ मोजली जाते ती संकेतस्थळाच्या घड्याळाने. नेमलेल्या अधिकाऱ्यांनी आपापल्या डिजिटल स्वाक्षऱ्या वापरल्याशिवाय लिफाफे उघडत नाहीत. काही खरेदी केंद्राच्या जीईएम या बाजारपेठेतूनही होते. 2016 मध्ये सुरू झालेल्या त्या संकेतस्थळावर विक्रेता म्हणून नोंदणी करून ठेवणे हिताचे आहे.

दर उघडल्यावर सर्वांत कमी दराचा पात्र निविदाधारक एल-1 ठरतो. अंदाजपत्रकापेक्षा पंधरा-वीस टक्के बिलो, म्हणजे कमी दर भरून काम घेण्याची चढाओढ इथे नेहमी दिसते, आणि तिच्यात कोल्हापूरच्या चांगल्या कारखान्यांनी पडू नये असे आम्हाला मनापासून वाटते; तो तोटा शेवटी वजन कमी केलेल्या ओतकामातून भरून निघतो आणि रस्त्यावरून जाणारा दुचाकीस्वार त्याची किंमत मोजतो. याउलट ठेकेदारांनी आपसात ठरवून दर चढे ठेवणे, ज्याला बोलीभाषेत रिंग म्हणतात, हा 2002 च्या स्पर्धा कायद्याचा भंग आहे. या दोन्हींवर एकच उपाय परिणामकारक आहे: एकमेकांशी संगनमत नसलेले अधिक निविदाधारक.

करारातील अटी किती दूरवर जातात, हे कोल्हापूरकरांनी टोल आंदोलनात अनुभवले आहे. सुमारे 220 कोटींचा अंतर्गत रस्त्यांचा प्रकल्प बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा या पद्धतीने दिला गेला, आणि त्यासोबत तीस वर्षांची टोलवसुली शहराच्या वाट्याला आली. लोक रस्त्यावर उतरले, कामाचे फेरमूल्यांकन झाले आणि 2015 च्या डिसेंबरमध्ये टोल रद्द करण्याचा निर्णय झाला. कराराची कलमे गल्लोगल्ली चर्चिली गेली, पण ती त्यावर सही झाल्यानंतर.

महापुरासारख्या आपत्तीत हा सारा क्रम आखडतो. 2021 च्या जुलैमध्ये उपसा केंद्रे पाण्याखाली गेली तेव्हा निविदेची मुदत संपण्याची वाट पाहणे शक्यच नव्हते. अशा वेळी तातडीच्या खरेदीचा अधिकार कायदा आयुक्तांना देतो.

(दृश्य: भांडारात उतरवली जाणारी झाकणे. नोंदवहीत लिहिली जाणारी संख्या.)

पुरवठा आदेश हाती आला, झाकणे भांडारात उतरली, तपासणी झाली, की उत्पादकाच्या दृष्टीने काम संपते. लघुउद्योजकाची खरी कसोटी मात्र त्यानंतर सुरू होते. देयक विभागाकडून लेखा विभागाकडे आणि तिथून लेखापरीक्षणाकडे जाते. करारमूल्य अडीच लाखांच्या वर असेल तर वस्तू व सेवा कराची 2 टक्के कपात होते, लागू असेल तर आयकराची कपात वेगळी, आणि सुरक्षा अनामत राखून ठेवली जाते. कपात झालेला वस्तू व सेवा कर त्या कराच्या संकेतस्थळावर स्वीकारल्याखेरीज आपल्या खात्यात जमा होत नाही, हे अनेकांना वर्षाअखेरीस कळते.

देयकाला उशीर झाला तर काय करावे, याचे उत्तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे. माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे दिलेच पाहिजेत. माल पोचल्यावर 15 दिवसांत लेखी आक्षेप आला नाही तर तो स्वीकारला असे धरले जाते. आणि त्यानंतरच्या विलंबाला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. महापालिकाही या कायद्याच्या दृष्टीने खरेदीदारच आहे. दाद याच कायद्याखाली नेमलेल्या सुविधा परिषदेकडे मागता येते. ही तरतूद सूक्ष्म आणि लघु उत्पादक व सेवा देणाऱ्यांसाठी आहे, निव्वळ व्यापाऱ्यांना तिचा लाभ मिळत नाही, आणि बांधकामाच्या कंत्राटांना ती लागू आहे का यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. म्हणून उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीच केलेली असावी, आणि माल उतरवताना तारीख, सही व शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नये.

पैसे मिळाल्यावरही दोन कागद राहतात. दोषदायित्वाचा कालावधी संपला की सुरक्षा अनामत परत मिळण्यासाठी स्वतः अर्ज करावा लागतो. आणि पुरवठा समाधानकारक पूर्ण केल्याचा दाखला त्याच वेळी मागून घ्यावा. त्यात मालाचे वर्णन, मानक, संख्या, एकूण रक्कम आणि पुरवठ्याची तारीख लिहिलेली असावी, कारण पुढच्या निविदेच्या पहिल्या लिफाफ्यात हीच माहिती तपासली जाते.